खालची ओळ

आमच्या शाळेत संगीताचा तास सगळ्यांच्या हक्काचा होता, फक्त संगीताचा शिक्षक सोडून. विज्ञानाचा पोर्शन राहिला, घ्या संगीताचा तास. लसीकरणवाले आले, बसवा मुलांना संगीताच्या तासाला. फोटोवाला आलाय, प्रदर्शनाचे पुठ्ठे कापायचेत, मैदानातलं गवत उपटायचंय, सगळं त्याच तासाला. मी सातवी-आठवीला गणित शिकवायची. एकदा मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मलाही तो तास दिला. मी वही-खडू घेऊन वर्गापाशी गेले तर दारातच संगीताचे इनास सर उभे.

"सावंत बाई, तुमचे अपूर्णांक पुढच्या आठवड्यातही अपूर्णांकच राहणार," ते म्हणाले. "या पोरांचे आवाज राहतील का पुढच्या आठवड्यात?"

आणि दारातून हलेनात. उंच, काटकुळा माणूस, दाराच्या चौकटीला हात लावून उभा. मला संताप आला, तशीच मी परत फिरले आणि दिवसभर स्टाफरूममध्ये त्यांना नावं ठेवली. सरांची आणि माझी ओळख ही अशी झाली. पुढे त्यांच्या निवृत्तीपर्यंत आम्ही एकाच टेबलाशी डबा खाल्ला, आणि त्या माणसाने मला जितकं वैतागवलं तितकं माझ्या नवऱ्यानेही वैतागवलेलं नाही.

सर राजोडीकडून स्कूटरवर यायचे. पांढरा हाफ शर्ट, खिशात पेनाच्या जागी नादकाटा. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत असतो तोच, दोन पायांचा, आपटला की घुमणारा. मुलं त्याला सरांचा चिमटा म्हणायची. आमच्या शाळेच्या पेटीचे अर्धे सूर बसलेले, नवी पेटी मागून मागून सर थकले होते, तेव्हा सगळं शिक्षण त्या चिमट्यावर चालायचं. गुडघ्यावर आपटायचा, कानाशी धरायचा, सूर द्यायचा. रागावले की फळ्यावर आपटायचा, आणि ते दिवसातून बऱ्याचदा रागवायचे.

मला गाण्यातलं काही कळत नाही. कोण बेसूर आणि कोण सुरात, मला सगळं सारखंच. मी हे सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी डबा बाजूला ठेवला, नादकाटा आपटला आणि त्याची दांडी सरळ माझ्या कोपरावर टेकवली. हाडातून काहीतरी झणझणत खांद्यापर्यंत गेलं.

"पोचलं?" त्यांनी विचारलं.

"पोचलं."

"मग कळत नाही असं म्हणू नका. सवय नाही म्हणा."

असं बोलायची पद्धत. कुणाला दोन शब्द गोड बोलावेत, समजावून सांगावं, हे त्यांच्या गावीच नव्हतं. मी नंतर पुष्कळदा म्हटलं, सर, जरा लोकांना उलगडून सांगत जा. ते म्हणायचे, गाण्यात उलगडायचं काय, कान दिलेत ना देवाने? आणि याच एका गोष्टीपायी पुढे सगळं बिनसलं, असं माझं ठाम मत आहे.

आता मुद्द्याचं सांगते. आपल्याकडे शाळेचं समूहगान म्हणजे काय, तर पंचवीस-तीस मुलं एकाच चालीत एकदम गातात. सहावीपर्यंत मुलगे असतात त्यात. सातवी-आठवीत त्यांचे आवाज फुटायला लागले की त्यांना गाण्यातून काढतात. तू जरा खुर्च्या बघ, तू बॅनर धर, तू पाहुण्यांना पाणी दे. कुणाला त्यात काही वाईट वाटत नाही. मुलगासुद्धा समजून चालतो की आपला आवाज गेला, आता आपलं गाणं संपलं. आमच्या शाळेत या मुलांना 'घोगरे' म्हणायचे, आडनाव असावं तसं.

सरांना हे अजिबात खपायचं नाही. ते चर्चच्या कॉयरमध्ये, म्हणजे गायकमंडळात, वाढलेले. तिथे बायकांची ओळ वेगळी, पुरुषांची वेगळी, आणि सगळ्या एकत्र म्हटल्या की गाणं होतं. त्यांचे वडील शेतकरी, आणि आयुष्यभर कॉयरमध्ये सगळ्यात खालची ओळ म्हणणारे. "आमच्या बापाने जन्मात एका गाण्याची चाल म्हटली नाही," सर सांगायचे. "केळीला पाणी लावताना पण खालचीच ओळ गुणगुणायचा. आम्ही पोरं त्यावरून ओळखायचो चर्चचा कुठला सण, कुठलं फेस्त जवळ आलंय."

तर सर काय करायचे, सोमवारी तासाच्या सुरुवातीला सातवी-आठवीच्या मुलग्यांना रांगेत उभं करायचे आणि एकेकाला विचारायचे, "आज कुठवर?" मुलाने जितकं वर जाता येईल तितकं जायचं, मग जितकं खाली जाता येईल तितकं. हसायला बंदी. हसणाऱ्याला सगळ्यांसमोर एकट्याने गायला लावायचे, त्यामुळे कुणी हसत नसे.

राजोडीचा एक कोळ्याचा मुलगा होता, डेनिस. तोंडाने भलताच तिखट, पण एका सोमवारी त्याचा चेहरा पडलेला. "सर, वरचा सा गेला. कायच निघत नाय."

"गेलं ते जाऊ दे," सर म्हणाले. "खाली काय आलं?"

डेनिसने खाली जाऊन बघितलं. काहीतरी निघालं. मला वर्गाबाहेरून ऐकताना ते म्हशीच्या हंबरण्यासारखं वाटलं. सर मात्र खूश झाले. एरवी फळ्यावर आपटायचा तो चिमटा त्यांनी डेनिसच्या टाळूला हलकेच टेकवला आणि पुढच्याकडे वळले.

ज्याच्याकडे जे उरलं असेल त्यातून त्यांनी एक ओळ बांधली. तीनच सूर. आवाज फुटलेल्या मुलाला सहसा तेवढे सापडतातच, असं त्यांचं म्हणणं. वर मुली आणि सहावीची मुलं चाल म्हणणार, खाली हे घोगरे त्या तीन सुरांवर चालणार. गाणं समुद्राच्या भरती-ओहोटीवरचं होतं, सरांनीच चाल लावलेलं. "वरच्यांचं ऐका, मग तुमची जागा शोधा," हे वाक्य मी कॉरिडॉरमधून इतक्यांदा ऐकलंय की झोपेत विचारलं तरी सांगेन.

यावरून पहिली तक्रार एका पोराच्या घरूनच आली. हर्षद नावाचा सातवीतला मुलगा होता, आगाशीचा, बागायतदारांच्या घरातला. त्याची धाकटी बहीण सहावीत आणि तीही त्याच गाण्यात. घरी दोघं सराव करायला बसली. बहीण चाल म्हणतेय आणि हा आपला खालचे तीन सूर लावून बसलाय. आईला वाटलं, पोरगं चुकीचं शिकलं. तिने बहिणीचं ऐकून म्हण म्हणून दटावलं, तर हा म्हणे, मला हेच शिकवलंय, हेच गाणं आहे. बिचाऱ्याला खरंच वाटत होतं की गाणं ते एवढंच. दुसऱ्या दिवशी बाई बाजारात फुलं उतरवून तशीच शाळेत आली.

"काय शिकवता हो तुम्ही?" ती सरांना म्हणाली. "एकाच सरांकडे शिकून पोरीला गाणं येतं आणि पोराला येत नाही? माझा हर्षद काय मंद आहे का?"

सरांनी लगेच दोन्ही मुलांना बोलावलं, तिच्यासमोर उभं केलं आणि चिमटा आपटला. दोघं गायली. त्या बाईचा चेहरा बघण्यासारखा झाला. रागाने आवळलेलं तोंड तसंच, पण मान डुलायला लागली.

"परत म्हणा," ती म्हणाली.

परत म्हटलं. तिने दोन्ही पोरांकडे आळीपाळीने बघितलं. मग म्हणाली, "बरं वाटतंय कानाला. पण सर, उद्या पाहुणे आले आणि म्हणाले, हर्षद, एक गाणं म्हण, तर यानं एकट्यानं काय म्हणायचं?"

मी सरांकडे बघितलं. "एकट्यानं नाही म्हणायचं," एवढंच ते म्हणाले, आणि ती बाई मान हलवत निघून गेली. त्या दुपारी डबा खाताना सरांनी वडिलांची ती केळीला पाणी लावायची गोष्ट मला सांगितली. मी म्हटलं, अहो, मग ही त्या बाईला सांगायची ना. तर म्हणे, आता काय, गेली ती. असा माणूस.

त्या वर्षी आम्ही तालुक्याच्या समूहगान स्पर्धेत उतरलो. मोठ्या बाई उत्साहात होत्या, मुलींना एकसारख्या साड्या, मुलग्यांना फेटे. मुलं गायली. मला नेहमीप्रमाणे काही कळलं नाही, पण सर खाली उतरले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीवर भिजलेला आणि चेहरा उजळलेला होता, त्यावरून मी समजले की चांगलं झालं.

आमचा नंबर आला नाही. नुसता आला नाही असं नाही, परीक्षकांनी माइकवरून सूचनाही केली. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. म्हणाले, "काही शाळांची मागची मुलं वेगळीच चाल म्हणत होती. समूहगानात एकवाक्यता हवी. शिक्षकांनी याकडे लक्ष द्यावं."

सर उठले आणि सरळ परीक्षकांच्या टेबलाशी गेले. मी मागोमाग धावले, कारण मला पुढचं दिसत होतं. तिथे शांतपणे सांगता आलं असतं की साहेब, ही दोन ओळींची रचना आहे, असं असं आहे. परीक्षक वयस्कर होते, सज्जन दिसत होते, ऐकून घेतलं असतं त्यांनी. पण सरांनी काय केलं, नादकाटा टेबलावर आपटला आणि म्हणाले, "हे तरी ऐकू येतंय का तुम्हाला?"

झालं. मी डोक्याला हात लावला. परत येताना बसमध्ये मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत बसल्या. मुलं मात्र मागच्या सीटवर तेच गाणं म्हणत होती, खालची ओळ सगळ्यात जोरात.

पुढच्या वर्षी स्पर्धेच्या आधी मोठ्या बाईंनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. मी वेळापत्रकाच्या कामासाठी तिथेच बसले होते. बाई सरळ बोलल्या. "मोठ्या मुलग्यांना काढा, नाहीतर मागे उभं करा आणि नुसते ओठ हलवू द्या. आवाज निघता कामा नये. शाळेची शोभा झाली ती पुरे."

मला वाटलं आता भडका उडणार. सरांनी खिशातल्या चिमट्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "मागे उभे राहतील. ओठ हलवतील."

बाहेर आल्यावर मीच त्यांच्यावर उखडले. म्हटलं, नको तिथे तलवार काढता आणि हवी तिथे म्यान करता. दोन वर्षं त्या पोरांना तुमची जागा आहे, तुमची जागा आहे म्हणून सांगितलंत आणि आता त्यांना मुकं उभं करणार?

"काढली तर खुर्च्या उचलतील," सर म्हणाले. "उभी तरी राहू देत."

हर्षद आणि डेनिस आता आठवीत होते. सरांनी मुलग्यांना काय सांगितलं, कसं सांगितलं, मला ठाऊक नाही. तालमीला मी डोकावले तेव्हा मागच्या रांगेत घोगरे उभे होते आणि नुसते ओठ हलवत होते, अगदी वेळेवर, प्रत्येक अक्षर. मला ते बघवेना. त्यापेक्षा खुर्च्या उचललेल्या बऱ्या, असंही मनात येऊन गेलं.

स्पर्धेच्या दिवशी सर नेहमीसारखे मुलांकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून उभे राहिले. गाणं सुरू झालं. पहिलं कडवं संपलं आणि परीक्षकांच्या टेबलाशी कुजबुज सुरू झाली. या वर्षी परीक्षक दुसरे होते. ते मान पुढे काढून बघत होते. मला कळेना काय झालं. शेजारच्या शाळेची शिक्षिका माझ्या कानाशी लागली, "तुमचे सर स्वतःच गातायत की."

खरंच गात होते. पाठमोरे होते म्हणून तोंड दिसत नव्हतं. मागच्या मुलांचे ओठ हलत होते आणि खालची ओळ सर म्हणत होते. स्पर्धेचा नियम स्पष्ट होता, शिक्षकाने गायचं नाही. आमची शाळा बाद झाली. तसं जाहीरच केलं त्यांनी, मुलं अजून स्टेजवर असताना. सहावीतल्या दोन मुली रडायला लागल्या.

मी भयंकर चिडले होते. निवृत्तीला काही महिने राहिलेत, गप्प राहायला काय झालं होतं? मी त्यांना पार्किंगमध्ये गाठलं आणि विचारलं, "का? सांगा मला, का केलंत असं?"

सर स्कूटरला किक मारत होते. थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर मला अपेक्षित होता तसा ताठा नव्हता, नुसता थकवा होता. "बाई, ती पोरं इतकी मन लावून ओठ हलवत होती," ते म्हणाले. "त्यांच्या तोंडातून काहीतरी निघायला नको?"

त्यानंतर मोठ्या बाईंनी विषयच संपवला. मुलींना भाईंदरच्या एका स्टुडिओत नेलं, ते गाणं कीबोर्डवर साग्रसंगीत रेकॉर्ड करून घेतलं. आता कार्यक्रमात ट्रॅक लागणार आणि मुली त्यावर ओठ हलवणार. चुकायचा प्रश्न नाही, कुणी बेसूर नाही, पालक खूश. मुलग्यांचं गाण्यातलं काम संपलं. गंमत बघा, ओठ हलवायला आता मुलीसुद्धा शिकल्या. मी हे मोठ्या बाईंना तोंडावर म्हटलं. त्या म्हणाल्या, "सावंत, तुम्हाला तरी कुठे गाण्यातलं कळतं?" खरंच होतं ते, म्हणून मला जास्त लागलं.

सरांचा निरोप समारंभ शाळेच्या हॉलमध्ये झाला. स्टेजवर शाल, श्रीफळ, हार. मोठ्या बाई बोलल्या, संस्थेचे कुणी पाहुणे बोलले, सरांच्या शिस्तीचं कौतुक झालं. त्यांच्या गाण्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही. सर मांडीवर नारळ घेऊन बसले होते, डॉक्टरकडे नंबर लावून बसतात तसे. मग जाहीर झालं, आता विद्यार्थिनी सरांचंच गाणं सादर करतील. मुली उभ्या राहिल्या, ट्रॅक लागला.

मी उशिरा आल्यामुळे अगदी शेवटच्या रांगेत होते. माझ्या मागे भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या थप्प्या आणि थप्प्यांना टेकून घोगरे, कार्यक्रम संपला की खुर्च्या उचलायला थांबवून ठेवलेले. हर्षद, डेनिस आणि बाकीचे. गाण्याचं ध्रुवपद आलं आणि माझ्या मानेमागून काहीतरी सुरू झालं. हळू, जाड, एकसारखं. आधी मला वाटलं पंखा बिघडला. मग वळून बघितलं. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, ठरवलेलं तर मुळीच नव्हतं. वरचं ऐकू आलं आणि त्यांनी आपली जागा घेतली, बस. आयुष्यात पहिल्यांदा मला दोन ओळी वेगवेगळ्या ऐकू आल्या, एक पुढून आणि एक मागून, आणि त्या एकमेकींत बसतायत हेही कळलं. माझ्या कोपराला तेव्हा झणझणलं होतं ते मला आठवलं.

मोठ्या बाईंनी स्टेजवरून खूण केली. शिपाई मामा मागे आले आणि ओठांवर बोट ठेवून मुलांकडे डोळे वटारले. आवाज बंद झाला. माझी नजर अजून त्यांच्यावरच होती. मुलं थप्प्यांना टेकून तशीच उभी होती, आणि त्यांचे ओठ हलत होते. सवयीने, वेळेवर, प्रत्येक अक्षर.

स्टेजवरून सरांनी ते बघितलं. गाणं चालू असताना ते उठले. पायऱ्या उतरले, खांद्यावरची शाल एका बाजूने लोंबतेय, हातात नारळ, आणि मधल्या वाटेने सरळ मागे चालत आले. लोकांना वाटलं त्यांना बरं वाटत नाहीये, एकदोघं उठलेसुद्धा. ते माझ्या शेजारून गेले आणि हर्षदसमोर थांबले.

"आज कुठवर?" त्यांनी विचारलं.

"अजून खाली गेलाय, सर," हर्षद म्हणाला.

सरांनी खिशातून चिमटा काढला, हातातल्या श्रीफळावर आपटला आणि कानाशी धरला. मग हात वर केला. मुलं गायला लागली आणि सरही त्यांच्याबरोबर गायले, मोकळ्या गळ्याने. नोकरी संपली होती, आता कोण बाद करणार होतं त्यांना.

माझ्या पुढच्या रांगेतला पाहुणा वळला आणि कपाळाला आठ्या घालून मला म्हणाला, "मागे कोण गडबड करतंय?"

"गडबड नाही ती," मी म्हटलं, गरजेपेक्षा बरंच जोरात. "गाण्याची खालची ओळ आहे."

स्टेजवरून मोठ्या बाई हाताने खुणा करत राहिल्या, पुरे, पुरे. सरांना त्या दिसत नव्हत्या. त्यांनी स्टेजकडे पाठ केली होती, कारण कॉयरच्या मास्तरने पोरांकडे तोंड करून उभं राहायचं असतं.